निळी खूण

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी बसलेले, आपलं हे कार्यालय ज्यांनी एका टेबलावर आणि दीड खुर्चीवर सुरू केलं ते आपले मालक. विमान कंपनीतून निवृत्त होऊनही अजून खुर्चीत बसताना कमरेचा पट्टा चाचपणारे आपले प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या ताई. पहिल्या रांगेतले ताईंचे यजमान. आणि पासपोर्ट, फोटो, फॉर्म यांच्या ढिगाऱ्यातून आज संध्याकाळपुरतं डोकं वर काढलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव दुसरं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या मुलीला गळ घालून ते मी शेवटी ढकललं. तिला वाटलं, मुख्य अधिकारी म्हणून समारोपाचा मान हवा असेल. तसं काही नव्हतं. माझा हिशेब असा होता की आधीचे वक्ते लांबण लावतील, चहा निवायला लागेल, लोक दाराकडे बघायला लागतील आणि मला दोन शब्दांत सुटता येईल. पण आज सगळेच शहाण्यासारखे थोडक्यात बोलले. आता घड्याळात साडेचारच वाजलेत आणि मी तुमच्यासमोर उभा आहे.

खिशात चार पानांचं भाषण आहे. काल घरी वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, छान झालंय, शेवटी ताईंच्या डोळ्यांत नक्की पाणी येईल. ते भाषण मी वाचणार नाही. का, ते ओघात येईलच. न आल्यास मालकांनी मला खाली बसू देऊ नये, अशी माझी त्यांना विनंती आहे.

पाहुण्यांना आमच्या कामाची माहिती आहे, पण घरची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, व्हिसाचं काम म्हणजे फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा आणि वकिलातीत पाठवून द्यायचा. लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, तुम्ही नक्की करता काय. मी म्हणालो, परदेशी जाणाऱ्या लोकांचे कागद तपासतो. त्यावर ते म्हणाले, त्यांना स्वतःला वाचता येत नाही का? येतं. पण ज्याला जायचं असतं त्याचं मन आधीच तिकडे पोचलेलं असतं. पासपोर्टची मुदत पाच महिने उरली आहे आणि त्या देशाला सहा लागतात, हे त्याला दिसत नाही. दोन कोरी पानं लागतात आणि त्याच्याकडे दीड आहे, हे दिसत नाही. मागे राहिलेल्याला ते दिसतं. म्हणून आम्ही मागे राहणारी माणसं आहोत.

आणि या मागे राहणाऱ्यांमध्ये ताईंसारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. त्यांच्या टेबलावर एक भिंग असायचं. ते डोळ्याला लावून त्या फोटो बघायच्या, शिक्के बघायच्या, आणि आम्ही उशिरा आलो की आम्हालाही त्यातूनच बघायच्या. एका नवरदेवाचा फोटो त्यांनी सहा वेळा काढायला लावला होता, कारण तो हसत होता. वकिलातीला हसणं चालत नाही. शेवटी ताईंनी त्याला विचारलं, सासूबाई सोबत येणार आहेत का? तेव्हा कुठे त्याचा चेहरा नियमात बसला.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. थोडा वेळ अजून हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

आपल्याकडची ‘वाचना’ची पद्धत ताईंनी घातली. नव्या मंडळींना वाटतं, ती पहिल्यापासूनच आहे. फाइल तयार झाली की एकाने पासपोर्ट आणि इतर कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने फॉर्मवर बोट ठेवून ऐकायचं. मग अदलाबदल करायची आणि शेवटच्या ओळीपासून उलटं वाचत पहिल्या ओळीपर्यंत यायचं. सरळ वाचताना डोळ्याला जे हवं तेच दिसतं, उलटं वाचताना जे आहे ते दिसतं, असं ताई म्हणायच्या. प्रत्येक पान झालं की आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर कोपऱ्यात दोन खुणा करायच्या. वाचणाऱ्याची लाल, बोट ठेवणाऱ्याची निळी. एकाच माणसाने दोन्ही करायच्या नाहीत. दोन्ही खुणा असल्याशिवाय फाइल वकिलातीच्या टपालाच्या थैलीत जायची नाही, मग ती मालकांच्या मेव्हण्याची का असेना. तशी एकदा अडवलीही होती, मालकांना आठवत असेल. त्या काळात लाल पेन्सिल माझी होती आणि निळी ताईंची.

आता एक प्रश्न विचारतो. मागच्या तीन रांगांमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली मंडळी बसली आहेत. फाइल फसली, अर्ज चुकला, माणूस विमानतळावरून परत आला, तर आपल्याकडे काय म्हणतात?

 ताई समोर आहेत म्हणून तुम्ही एकमेकांकडे बघताय, आणि ते बरोबरच आहे. मी सांगतो. आपल्याकडे म्हणतात, ‘निळी खूण झाली.’ हा शब्द तुम्हाला मी दिला. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी एक गोष्ट सांगतो, की एका अनुभवी तपासनीस बाईंनी एकदा न वाचता निळी खूण केली आणि एका बाईचा संसारात एकदाच येणारा दिवस मातीमोल झाला. तेव्हा बाबांनो, कधी गाफील राहू नका. नाव मी घेत नाही. पण निळी पेन्सिल कुणाची होती, हे चहाच्या टेबलावर तुम्हाला आठवड्याभरात कळतंच. गेल्या महिन्यातही ती गोष्ट मी सांगितली. त्या वेळी ताई शेजारच्याच खोलीत फोटो कापत होत्या. मधली भिंत प्लायवूडची आहे.

त्या फाइलची गोष्ट मी आज पुन्हा सांगणार आहे. या वेळी जशी घडली तशी.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे पडदे शिवून घेतले असतील. त्यांची एकुलती एक लेक परदेशात होती. पहिलं बाळंतपण. जावई जहाजावर, तो काही वेळेवर पोचणार नव्हता. म्हणून आई निघाली होती. आयुष्यात कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली बाई, पण हिशेबात पक्की. टेप गळ्यात तशीच घालून आली होती. ताईंनी तिला समोर बसवलं आणि अर्धा तास नुसत्या गप्पा मारल्या. मला त्या गप्पांचा राग यायचा. मी म्हणायचो, ताई, आपण कागद तपासतो, सोयरीक जुळवत नाही. पण त्या गप्पांतच ताईंना हवं ते सापडायचं. त्या दिवशीही सापडलं.

लेकीचं गाव सरहद्दीवर होतं. चांगला दवाखाना पुलापलीकडे, म्हणजे शेजारच्या देशात. तिथल्या लोकांना त्याचं काही नाही, सकाळी भाजी आणायला जावं तसे ते पलीकडे जाऊन येतात. पण पाहुण्या माणसाचं तसं नसतं. एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल तर देशात एकदाच शिरता येतं. पूल ओलांडलात की तो संपला. मग पुन्हा आत यायचं तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा. फॉर्मवर तिसऱ्या पानावर दोन चौकोन असतात, एकदा आणि अनेकदा. फॉर्म मी भरला होता, आणि सवयीने ‘एकदा’वर फुली मारली होती. शंभरातल्या नव्वद लोकांना एकदाच जायचं असतं.

ताईंनी एक चिठ्ठी लिहिली. ‘दवाखाना पुलापलीकडे. ये-जा होणार. वाचनाच्या वेळी बोलू.’ ती फाइलीला मागून टाचणीने लावली. दुपारी दोनला त्या मला म्हणाल्या, यजमानांच्या डोळ्याची पट्टी आज काढणार आहेत, दवाखान्यात जाऊन येते, साडेतीनपर्यंत परतते. तेवढी ती शिवणवाल्या बाईंची फाइल राहू दे, आपण आल्यावर वाचू. मी म्हणालो, खुशाल जा, मी आहे.

टपालाची थैली चारला जायची. म्हणजे वेळ होता. पण मला तीनला घरी जायचं होतं. का जायचं होतं, हे आजवर मी कार्यालयात कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी आमच्या घरी सोफा येणार होता. आठवडाभर आधी पसंत केलेला, मोठा, पिवळसर. आणणारी माणसं जिन्यात त्याला खरचटवतील, अशी मला धास्ती होती.

एवढंच कारण. कुणी आजारी नव्हतं, कुणी वारलं नव्हतं.

मी ताईंच्या टेबलावरची निळी पेन्सिल उचलली. अकरा पानं होती. अकरा लाल खुणा केल्या आणि अकरा निळ्या केल्या. वाचलं एक अक्षर नाही. ताईंच्या खुणेला खाली एक छोटं वळण असायचं, तेसुद्धा मी जमवलं. वकिलातीला टाचण्या चालत नाहीत, म्हणून मागची टाचणी काढली, चिठ्ठी न बघता माझ्या खणात टाकली, फाइल थैलीत सरकवली आणि थैलीला सील लावलं. ताई आल्या तेव्हा मी घरी जिन्यात उभा राहून ‘जरा डावीकडे, जरा डावीकडे’ करत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइलचं विचारलं. मी म्हणालो, सगळं बघून पाठवली, तुम्ही निश्चिंत राहा. आणि त्या राहिल्या. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

शिवणवाल्या बाई गेल्या. लेकीला कळा लागल्या तेव्हा तिच्यासोबत पूल ओलांडून दवाखान्यात गेल्या, जाताना कुणी अडवलं नाही. मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिघी परत निघाल्या. पुलावर बस थांबली, अधिकाऱ्याने कागद बघितले. लेकीला आणि बाळाला सोडलं, आईला खाली उतरवलं. तुमचा प्रवेश संपला आहे, म्हणाला. लेकीचे टाके ओले होते, कुशीत चार दिवसांचं बाळ होतं आणि पुढे रिकामं घर होतं. दोन महिने राहायला गेलेली आई पुलाच्या दवाखान्याकडच्या टोकाला उभी राहिली. बाळाचे कपडे आईच्या पिशवीत होते, तिने स्वतः शिवलेले. ती पिशवी तिने आडव्या दांड्यावरून लेकीच्या हातात दिली, आणि बस गेली. हे सगळं तिने आपल्या कार्यालयात, पुढच्या काउंटरवर, उभ्यानेच सांगितलं. मी दोन हातांवर होतो.

कुणाला सांगितलं? ताईंना. कारण तिच्याशी अर्धा तास बोलल्या होत्या त्या ताईच. बाई म्हणाली, मी तुम्हाला सांगितलं होतं ना हो, दवाखाना पलीकडे आहे म्हणून? मला कागदातलं कळत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलत होती, आणि ताई हात जोडून ऐकत होत्या. या सगळ्यात मी काय केलं? मी पाणी आणून दिलं. शिवणवाल्या बाई मला म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.

मालकांनी कार्यालयाची प्रत मागवली. तिसरं पान काढलं, ‘एकदा’वरची फुली बघितली, कोपरा बघितला. लाल खूण होती, पण चूक पकडणं हे बोट ठेवणाऱ्याचं काम, म्हणून त्यांनी निळ्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, ताई, ही तुमची ना? मालक, तुम्हाला आठवत असेल, ताईंनी ते पान घेतलं आणि भिंग लावून किती तरी वेळ बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, “पेन्सिल माझीच आहे.”

त्यांना कळलं होतं. त्या भिंगाखालून काही सुटत नसे, त्यातून माझं वळण सुटणार होतं का? पण त्या आपल्या जागेवर नव्हत्या, हेही खरं होतं, आणि ते सांगायचं तर मला मध्ये घ्यावं लागलं असतं. त्यांनी मला वेळ दिला होता, असं मला आज वाटतं. की हा बोलेल, आज नाही तर उद्या बोलेल. मी मूग गिळून बसलो. मालकांचा काही दोष नाही, समोर जे होतं त्यावरून कुणीही तेच केलं असतं. ताईंना पुढच्या काउंटरवरून मागच्या खोलीत पाठवलं. फोटो कापायचे, झेरॉक्स काढायच्या, पाकिटांवर पत्ते लिहायचे. त्यांची खुर्ची मला मिळाली. पुढे त्याच खुर्चीवरून मी मुख्य अधिकारी झालो. वडाची साल पिंपळाला लावतात ना, तशी मी लावली, आणि पिंपळ नऊ वर्षं काही बोलला नाही.

मालक, तुम्ही उठू नका. अजून राहिलं आहे.

त्या बाईच्या पासपोर्टवर परत पाठवल्याचा शिक्का बसला होता. त्यानंतर तिने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा नामंजूर झाला. पुढच्या काउंटरवर आता मी होतो. मी सुस्कारा सोडून म्हणायचो, काय करणार, जुना डाग आहे. तिसरा अर्ज ताईंनी केला. मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, फोटोंच्या कपट्यांमध्ये बसून. झालेली चूक कार्यालयाची होती, बाईंची नव्हती, असं पत्र त्यांनी वकिलातीला लिहिलं. खाली ‘चूक करणारी’ म्हणून स्वतःची सही केली. ते पत्र रवाना करायला माझ्याच टेबलावर आलं, आणि मी ते वाचून शिक्का मारला. व्हिसा मिळाला. आजी नातीला भेटली तेव्हा नात चार वर्षांची झाली होती आणि अनोळखी बाईला बघून आईच्या मागे लपली. हे शिवणवाल्या बाईंनीच मला सांगितलं. हसत सांगितलं त्यांनी.

आता त्या टेबलावर रंगीत कागदात गुंडाळून ठेवलेलं मानपत्र आहे. थोड्या वेळाने ते वाचलं जाणार आहे. त्याचा मजकूर मालकांनी मला लिहायला सांगितला होता, माझी भाषा बरी आहे म्हणून. पहिल्या खर्ड्यात त्या प्रकरणाचा उल्लेख नव्हता. मग मला वाटलं, उल्लेख नाही तर कुणी विचारेल, का नाही. चोराच्या मनात चांदणं. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी एक वाक्य घातलं. ‘एका दुर्दैवी अपवादाचा डाग सोडल्यास आपली सेवा निष्कलंक आहे.’ हे माझ्या हाताने लिहिलं, छापून घेतलं, काच लावून घेतली. दुकानदाराने विचारलं, चौकट कुठल्या रंगाची करू, तर मी पंधरा मिनिटं रंग निवडत बसलो.

काल हे खिशातलं भाषण बायकोला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, ताईंच्या डोळ्यांत पाणी येईल. तेव्हा मी त्या सोफ्यावर बसलो होतो. मला एकदम माझीच किळस आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. माणूस घाबरतो, गप्प बसतो, ते एक वेळ समजू शकतं. पण ज्याचं नाव आपण बुडवलं त्याच्याच निरोपाला गोड भाषण लिहून त्याला रडवायला निघालो, म्हणजे आपण कुठवर आलो? मी आज आरशात बघून दाढी केली, त्याचंच मला नवल वाटतं.

म्हणून मालक, माझी पहिली विनंती, ते मानपत्र आज वाचू नये. दुसरी विनंती, मागच्या रांगांना. तो शब्द उद्यापासून कुणी वापरू नका. वापरायचाच असेल तर माझं नाव घ्या. आणि तिसरी गोष्ट विनंती नाही. ती चिठ्ठी. ‘दवाखाना पुलापलीकडे. ये-जा होणार.’ ती माझ्या खणात होती. ज्या दिवशी बाई येऊन उभी राहिली, त्या दिवशी मी खण उघडला, ती वाचली आणि फाडली. ती चिठ्ठी मालकांना दाखवली असती तर ताईंनी आपलं काम चोख केलं होतं हे त्याच मिनिटाला कळलं असतं. सोफ्याची घाई चूक होती असं म्हणता येईल. चिठ्ठी फाडणं ही चूक नव्हती. ते मी जाणूनबुजून केलं.

ताई, तुम्हाला निरोप द्यायला उभा राहिलो, आणि...

काय म्हणालात, ताई?

नाही, तुम्ही बसूनच बोला. मी... हो. हो, ऐकू आलं मला.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. माइक माझ्याच हातात आहे, तेव्हा मलाच सांगावं लागेल. ताई म्हणाल्या, “हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या बाईंना सांगितलंस का?”

नाही, ताई. नाही सांगितलं.

पुढचंही सांगतो. ताई म्हणतात, त्या बाईंना अजून वाटतं की त्यांनी सांगितलेली गोष्ट ताईंनी कानाआड केली. तरी त्यांनी ताईंना माफ केलं, मागच्या वर्षी ताईंच्या सुनेचे कपडेही शिवून दिले. ताई म्हणतात, “मी माफी घेतली तुझ्या वाटची. ती माझ्याकडे ठेवून मी कशी जाऊ?”

मी कालपासून समजत होतो, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे या सभागृहात बोलणं. तुमच्यासमोर उभं राहून स्वतःला चार शिव्या दिल्या की मी मोकळा, असा माझा हिशेब होता. आत्ता बोलतानासुद्धा, खोटं कशाला सांगू, मधूनमधून मला वाटत होतं की मी चांगलं बोलतोय. माझं ज्यांच्याशी बोलणं व्हायला हवं होतं त्या बाईंना निमंत्रणसुद्धा गेलेलं नाही. निमंत्रणांची यादी मीच केली होती.

तेव्हा भाषण इथेच थांबवतो. मालक, तुम्ही मला बोलायची संधी दिलीत आणि मध्ये थांबवलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल, त्यावर माझी काही तक्रार असणार नाही. पाहुणे आपला वेळ काढून आले आणि त्यांना हे ऐकावं लागलं. ताईंचे यजमान आज कौतुक ऐकायला आले होते, त्यांचे डोळे आता बरे आहेत, त्या डोळ्यांनी त्यांना माझ्याकडे असं बघावं लागलं. सहकाऱ्यांनी हॉल सजवला, खुर्च्या मांडल्या. सगळ्यांचे आभार. चहा ताईंच्या हातून सुरू करा. तो मान आज त्यांचाच आहे, आणि मी इथे नसलो तर त्यांना तो अधिक गोड लागेल.

बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर वक्त्याने सभेची क्षमा मागायची असते. ती आज मी तुमच्याकडे मागत नाही. दिलीत तर मी ती घेऊन घरी जाईन आणि तिथेच गोष्ट संपेल, एवढं मी स्वतःला ओळखतो.

काय, ताई?

हो. ताई म्हणतात, ती बाई सहापर्यंत दुकानात असते.

निघतो.